बाटलीतला तुकडा

भिवंडी,
४ नोव्हेंबर १९८६

दामू,

सलाम आणि जयभीम.

दोन वर्षं पत्र नाही आणि आता काम पडलं तेव्हा आठवण झाली, असं म्हणशील. म्हण. शाळेत सात वर्षं एका बाकावर बसून तुझी गणितं उतरवली, तेव्हा तरी मी दुसरं काय करत होतो?

वरच्या हिरडीवर, अगदी पुढच्या दातांपाशी, एक गाठ आली आहे. दिवाळीच्या आधी मुगाएवढी होती, आता करवंदाएवढी आहे. दुखत नाही. दुखली असती तर बरं वाटलं असतं, कारण दुखणाऱ्या गोष्टीला माणूस शिव्या तरी देतो. बोलताना वरचा ओठ अडतो, म्हणून मी हल्ली कमी बोलतो. कारखान्यातले कारागीर खूश आहेत. मी सारखा आरशासमोर तोंड वासून उभा असतो, म्हणून जमिलाचा वेगळाच संशय. म्हणते, चव्वेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला आरसा लागायला लागला की बायकोनं सावध व्हावं.

तिला काही सांगितलेलं नाही. अम्मालाही नाही. आमच्या अब्बांचं दुखणंही तोंडातलंच होतं, ते तुला माहीत आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

आमच्या पोरीचं, आबिदाचं, लग्न ठरलं आहे. पडघ्याला देतोय, मुलगा चांगला आहे. रमजानच्या आधी, १९ एप्रिलला. तेवढं बघायला मी असेन की नाही, एवढंच सांग. तू दातांचा डॉक्टर, त्यातही असल्या गाठींचाच मास्तर. मला गोड बोलू नकोस.

तुझा,
मोहिउद्दीन

ता. क. गाठीला बारीक देठ आहे. माझ्या डोक्यात एक उपाय आला आहे. पुढच्या पत्रात कळवतो.


नागपूर,
११ नोव्हेंबर १९८६

मोहिउद्दीन,

तुझा उपाय मला न कळवताच कळला. देठाला सुताने आवळून बांधायचं, म्हणजे गाठ सुकून पडेल, हेच ना? पंचवीस वर्षं लूमवर तुटलेली सुतं बांधणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार! बांधू नकोस. ती हिरडी आहे, ताणा नव्हे.

आता नीट ऐक. हिरडीवर अशा गाठी येतात, आणि शंभरातल्या नव्याण्णव साध्या असतात. पण नुसतं बघून साधी कोणती आणि वाईट कोणती हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. गाठ मुळापासून काढायची आणि तुकडा तपासायचा. मी दातांचा डॉक्टर असून कुणाचे दात काढत नाही. दुसऱ्यांनी कापलेलं मायक्रोस्कोपखाली बघतो आणि काय आहे ते कागदावर लिहून देतो. माझी आई मरेपर्यंत लोकांना सांगायची की दामूला अजून पूर्ण शिकवलेलं नाही.

तर तिथल्या चांगल्या डॉक्टरकडे जा. त्यांना म्हणावं, तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून द्या. ते औषध मांस कुजू देत नाही. ती बाटली माझ्याकडे पोचव.

आणि दुसरं. त्या गाठीच्या शेजारच्या दातावर तू बसस्टँडजवळच्या दातवाल्याकडून सोन्याची टोपी बसवून घेतली आहेस, मागच्या भेटीत दिसली होती. तिची कड हिरडीत रुतत असणार. ती टोपी आधी काढ. गाठ बहुधा तिनेच आणली आहे.

लग्नाला तू असशील. मी पण असेन. बिर्याणीला मीठ कमी घालायला सांग, मला ब्लडप्रेशर आहे.

दामू


भिवंडी,
२२ नोव्हेंबर १९८६

दामू,

तुझं पत्र यायच्या आधीच बांधून झालं होतं. चाळीस नंबरचं सूत घेतलं आणि जुलाह्याची, म्हणजे विणकराची, गाठ मारली. ती सुटत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. तिसऱ्या मिनिटाला रक्त आलं आणि मग मला ती सोडवायची होती! शर्ट लाल, टॉवेल लाल. माझ्याच कारखान्यातला बदरू धावत आला आणि म्हणाला, "सेठ, इतना तो शटल से भी नहीं कटता."

तसाच मंडईजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी सूत कापलं, मग मला झापलं, मग गाठ कापली. बाई हातानं हलक्या आणि तोंडानं जड आहेत. मी न सांगताच तुकडा बाटलीत घालून दिला, तपासून घ्या म्हणाल्या. घरी सांगितलं की दात काढला. बाटली दोन दिवस माळ्यावर लपवून ठेवली, कारण वळ गावचा कोंडू, जो कापड घेऊन नागपूरला ट्रक नेतो, तो शनिवारी निघणार होता. आज बाटली त्याच्या हातात दिली आहे. चार दिवसांत तुला मिळेल.

टोपीचं काम झालं.

आता तू सांगेपर्यंत मला जेवण गोड लागणार नाही. रोज पोस्टमनची वाट बघतो. तो म्हणतो, "शेट, प्रेमपत्र हाय काय?" जमिलानं ते ऐकलं.

मोहिउद्दीन


नागपूर,
८ डिसेंबर १९८६

मोहिउद्दीन,

बाटली मिळाली. झाकण घट्ट, तुझ्या नावाची चिठ्ठी जागेवर, आत करवंदाएवढा तुकडा. मनात म्हटलं, भिवंडीकरांनी काम चोख केलं.

तुकड्याचे पातळ काप करून, रंग देऊन आम्ही ते काचेवर घेतो. हा तुकडा रंग द्यायच्या आधीच पिवळा होता. मी बघितलं. पुन्हा बघितलं. मग शेवटच्या वर्षाच्या बारा मुलांना बोलावून विचारलं, काय आहे? त्यांनी बारा आजार सांगितले, त्यातले चार जीवघेणे. एवढ्यात चहा घेऊन आलेल्या शिपायाने बाटलीतल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे मटण आहे."

तो एकटा पास झाला. मोहिउद्दीन, तुझ्या बाटलीत हळद लावलेलं बोकडाचं मांस आलं आहे. तुझ्या हिरडीचं काय झालं?

हसू येतंय, पण हसण्यासारखं नाही. खरा तुकडा कुठे आहे ते शोध, आणि लगेच कळव.

दामू


भिवंडी,
१७ डिसेंबर १९८६

दामू,

तुकडा सापडला. म्हणजे कुठे आहे ते कळलं, पण मिळणार नाही.

तुझं पत्र वाचून मी आधी कोंडूला धरला. तो म्हणतो, "शेट, बाटली शिटाखाली व्हती, म्या हात पन लावला न्हाय. आन माझ्या गाडीत मटान आसतं तं त्ये नागपूरपरेंत टिकलं आसतं व्हय?" हे मला पटलं. मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे बाकी काहीही चुकेल, पण आम्ही दवाखान्यात हळद ठेवत नाही." मग घरी येऊन सगळ्यांना ओळीनं उभं केलं. करायचं नव्हतं, पण झालं. सगळं बाहेर आलं. जमिला रडली, आबिदा रडली. जमिलाला एक समाधान मिळालं की दुसरी बाई नाही.

अम्मा तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी पुरलाय."

मी म्हटलं, काय?

"मानसाच्या अंगाचा तुकडा. नखं पुरतो, केस पुरतो, मग मांस असाच बाटलीत घालून गावोगाव फिरवायचा? तुझ्या अब्बांच्या पायथ्याशी पुरून आलेय. बिस्मिल्ला म्हणून."

म्हटलं, मग मटण?

तर म्हणते, "दुसऱ्याचा भांडा रिकामा परत द्यायचा नसतो. तुला शिकवलंय ना?"

खरंच शिकवलं आहे. आमच्या घरातून शेजारच्यांची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. माझी हिरडी तिकडे कब्रस्तानात आणि मी इकडे वर.

पण आता माझी पाचावर धारण बसली आहे. मी मुंबईच्या एका मोठ्या सर्जनला दाखवून आलो. तो म्हणतो, रिपोर्ट नाही, तर वाईटच धरून चालू; पुढचे चार दात आणि वरच्या जबड्याचं हाड काढून टाकू. जानेवारीची तारीख देतो म्हणाला. दामू, आबिदाच्या लग्नात मी बिनदाताचा, नाकाखाली खड्डा घेऊन बसू? आणि बसलो नाही, तर मेलोच समज?

मोहिउद्दीन


नागपूर,
२४ डिसेंबर १९८६

मोहिउद्दीन,

रिपोर्टाशिवाय कुणालाही हाडाला सुरी लावू द्यायची नाही. त्या सर्जनला माझं नाव सांग, आणि ओळखलं नाही तरी सांग.

आत्ता एकच करायचं. दर आठवड्याला आरशात बघ. हिरडी भरून सपाट झाली आणि तशीच राहिली तर चांगलं. काही उगवलं तर मला त्याच दिवशी लिही. मग तो तुकडा मी माझ्या डोळ्यांसमोर कापून घेईन आणि हमिदाचाचींच्या हाती लागू देणार नाही.

टोपी काढली आहे ना? तू "काम झालं" असं लिहिलं होतंस. काढली असं लिहिलं नव्हतंस.

दामू


भिवंडी,
२ फेब्रुवारी १९८७

दामू,

अभिनंदन कर! गाठ परत आली!

त्याच जागी, तशीच, आत्ता हरभऱ्याएवढी. डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो तर मी हसत होतो, म्हणून त्यांनी आधी ताप पाहिला. जमिलानं शिरा केला. बदरूनं कारखान्यात सांगितलं, तर रात्रपाळीवाल्यांनीही "मुबारक हो सेठ" म्हणून हात मिळवले. गाठ आल्याबद्दल मुबारकबाद घेणारा भिवंडीत मी पहिलाच असेन. आता तपासता येईल, रे. आता तरी कळेल.

घरात एकट्या अम्मालाच आनंद झाला नाही. शिऱ्याला हात लावला नाही.

आणि हो, टोपी काढली नव्हती. सोन्याची आहे, दामू. हसलो की लोक मला सेठ म्हणतात. काढली तर नुसता मोहिउद्दीन राहीन.

तुझा गुन्हेगार,
मोहिउद्दीन


नागपूर,
७ फेब्रुवारी १९८७

मोहिउद्दीन,

अभिनंदन. गाढवा, पहिल्या गाडीने नागपूरला ये. टोपी तोंडात घेऊन ये, खिशात घालून परत नेशील.

दामू


नागपूर,
२० फेब्रुवारी १९८७

ती. हमिदाचाचींस,

दामूचा सलाम.

तुमचा मोहिउद्दीन काल परत निघाला. गाठ काढली, यावेळी खालच्या हाडापर्यंत खरवडून. टोपीही काढली. तो घाबरला होता, म्हणून माझा सर्जन मित्र कापत असताना मी याचा हात धरला होता. माझी बोटं अजून दुखतायत. तुकडा माझ्याजवळ आहे.

हे पत्र तुम्हाला एकटीला लिहितोय. आबिदाकडून वाचून घ्या, ती पोटात ठेवेल.

चाची, मी तुमच्या घरात जेवून मोठा झालो. टेमघरहून शाळेत यायचो तेव्हा माझ्या डब्यात काय आहे हे न विचारता तुम्ही ताटात वाढायचात. आईने वाटीभर पीठ उसनं पाठवलं की परत येताना ती वाटी तुम्ही शीग लावून भरायचात, रस्त्यात सांडायची. म्हणून ती बाटली मला पटली नाही. भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून तुम्ही मटण घातलं असतंत तर झाकण लागलं नसतं. त्या बाटलीत अगदी करवंदाएवढाच तुकडा होता, कडा गोल कापलेला, चिठ्ठी पुन्हा जागेवर चिकटवलेली. हे रीत पाळणाऱ्याचं काम नाही. हे फसवणाऱ्याचं काम आहे, आणि हात सराईत नाही, कारण हळद पुसायची राहिली.

रागावलो नाही. पण का, ते सांगाल?

तुमचा,
दामू


भिवंडी,
२६ फेब्रुवारी १९८७

दामूचाचांना आबिदाचा सलाम. दादी सांगते तसं लिहिते आहे. मधे मधे ती थांबते, तेव्हा मी पण थांबते.

दामू बाळा,

तू हुशार झालास. हळद पुसली होती, पण चाळशी नव्हती डोळ्यावर.

मला काय अडाणी समजतोस? बाटली माळ्यावर बघितली तेव्हाच समजले. त्या वासाची बाटली मी या घरात एकदा बघितलेय. तुझ्या चाचांच्या वेळेला. तुकडा मुंबईला गेला आणि बाराव्या दिवशी इंग्रजी कागद आला. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. तू सुट्टीत आला होतास. चाचांनी तुला हाक मारली, म्हणाले, दामू, वाच बेटा. तू वाचून दाखवलास.

(इथे दादीने चाळशी काढून पदराने पुसली. मग म्हणाली, पुढं लिही.)

तोपर्यंत चाचा जेवत होते, लूमवर जात होते, माझ्याशी भांडत होते. डॉक्टर बोलले होते, वर्षभर तरी काढतील. त्यांनी कागद ऐकला, कारखान्याच्या चाव्या काढून माझ्या उशाला ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजले. विसाव्या दिवशी गेले. दुखण्यानं नाही गेले, दामू. कागदानं गेले.

तुझा कसूर नाही. त्यांनी विचारलं, तू वाचलंस. तू लहान होतास. पण मी ठरवलं होतं, माझ्या पोराच्या नावाचा कागद या घरात येऊ द्यायचा नाही. मोहिउद्दीन बापावर गेलाय. भिंतीकडं तोंड करून निजणारा आहे. पुरताना मी बिस्मिल्ला म्हटलं आणि तुझ्या चाचांना सांगितलं, संभाळा, वर येऊ देऊ नका. तर गाठच परत वर आली! अल्लाच्या मनात कागद यायचा आहे, तर आता मी कोण अडवणार?

पण एक ऐक. या वेळी आधी मला सांग. वाईट असलं तरी मला. लग्न होईपर्यंत मी सांभाळते, मला सवय आहे. त्याला नंतर.

(दादीने अंगठा लावायचा हट्ट धरला आहे. तिला सही येते. म्हणते, अंगठा खोटा करता येत नाही. दामूचाचा, मला पण लवकर सांगा. मी कुणाला सांगणार नाही. — आबिदा)


भिवंडी,
३ मार्च १९८७

दामू,

बारा दिवस झाले. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो. मी अजून जिवंत आहे. तू आहेस का?

जिभेनं रिकाम्या जागेवर रोज चाचपतो. काही नाही. जमिला मी झोपलो की श्वास बघते, ते मला कळतं. अम्मा तर काय, मी भिंतीकडं तोंड करून निजलो की उठवून म्हणते, कूस बदल.

जे असेल ते लिही. मी ऐकायला तयार आहे. खरं म्हणजे नाही.

मोहिउद्दीन


नागपूर,
६ मार्च १९८७

ती. हमिदाचाचींस,

दामूचा सलाम.

कॅन्सर नाही.

आबिदा, इथे थांब आणि ही ओळ दादीला परत वाचून दाखव. मग पुढे जा.

चाची, उशीर झाला, कारण तुकडा कापताना सुरी कचकन अडली. त्या गाठीच्या आत हाडाचे कण होते. हाड असलं की तुकडा ॲसिडात भिजवून आधी मऊ करावा लागतो, त्याला दिवस जातात. त्या दिवसांत मी रोज खात्यात सगळ्यांच्या आधी जाऊन बाटलीकडे बघत बसायचो. आमचा शिपाई म्हणाला, साहेब, हे मटण नाही, मी शपथ घेतो.

काप तयार झाले तेव्हा माझ्याने पहिल्यांदा नीट बघवलं नाही. चौथ्यांदा दिसलं. मग मी नाव झाकून ती काच आमच्या दोन जाणत्या डॉक्टरांना दाखवली. तिघांचं मत एकच आहे. मोहिउद्दीनला मी पहिल्या पत्रात शंभरात नव्याण्णव असं लिहिलं होतं, तो आकडा मी नुसता धीर द्यायला लिहिला होता. मला त्या शेवटच्या एकाची फार भीती वाटत होती.

आता तुमच्या पत्राबद्दल. त्या दिवशी चाचांनी कागद पुढे केला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला इंग्रजी येतं याची मला फुशारकी होती. एकही शब्द न अडखळता वाचला. अर्थही सांगितला, त्यांनी न विचारलेला. त्यांनी चाव्या काढल्या तेव्हा मी अजून समजावूनच देत होतो. बावीस वर्षं झाली, चाची. रोज चार-पाच रिपोर्ट लिहितो, आणि प्रत्येक वेळी मनात येतं की हा कुणाच्या घरात, कोण पोरगा वाचून दाखवणार आहे. तुम्ही माझा कसूर नाही म्हणालात. ते मी एकदा वाचलं, मग दार लावून पुन्हा वाचलं. मी रडलो, असं लिहायला लाज वाटत नाही.

हे पत्र तुमचं आहे. उशीखाली ठेवा, नाहीतर पुरा. पण सोबतचा रिपोर्ट पुरायचा नाही. तो मी मराठीत लिहिला आहे. आमच्या खात्यात असा रिपोर्ट आजवर कुणी लिहिलेला नाही, आणि वरिष्ठांनी पाहिला तर मला विचारतीलही.

आबिदा, बाबांना कारखान्यातून बोलावून आण. त्यांना मधोमध बसव, भिंतीपासून लांब. लूम बंद करायला सांग, नाहीतर कुणाला ऐकू जायचं नाही. मग हा कागद मोठ्याने वाच.

तुमचा,
दामू


रिपोर्ट

रुग्ण: मोहिउद्दीन गुलाम हुसेन, भिवंडी. वय ४४.

नमुना: वरची हिरडी. खात्री करून घेतली आहे.

काय दिसलं: साधी, हाड धरलेली गाठ. हिरडीला सतत काही टोचत राहिलं की अशी येते. येथे सोन्याची टोपी टोचत होती. गाठ दुर्मिळ आहे. ती बहुतेक वेळा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना होते. रुग्णाच्या वयाच्या आणि मिशीच्या माणसाला झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

धोका: कॅन्सर नाही. हाड कापायचं नाही. दात काढायचे नाहीत. टोपी पुन्हा बसवल्यास गाठ पुन्हा येऊ शकते, आणि त्या वेळी मी मोफत बघणार नाही.

सल्ला: वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी. रुग्णाने आजपासून भरपूर बोलावे, हसावे, कारागिरांवर ओरडावे. १९ एप्रिलला रुग्ण आपल्या मुलीच्या लग्नाला हजर राहील.